मध्यंतरानंतरचा तुझा पिक्चर

प्रिय सिंधू,

तुझी चोरी पकडली गेली, म्हणून हे पत्र!

मागच्या पोळ्याला तू गेलीस. तेव्हापासून वर्षा सारखी पाठीस लागली आहे, 'बाबा, मनात येईल ते आईला लिहीत जा, मोकळं वाटेल.' मी म्हणायचो, अगं पोरी, जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले, आता या वयात स्वतः काय लिहू? आणि तुझ्या आईला पत्र लिहायचं म्हणजे भीतीच. लग्न ठरल्यावर एक लिहिलं होतं, ते तिने मैत्रिणींना ओट्यावर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं!

पण काल शेजारच्या निर्मलाच्या पल्लवीचं लग्न झालं. आणि लग्नाच्या आधी आम्ही सगळे जळगावला जाऊन तो पिक्चर पाहून आलो. कोणता म्हणून काय विचारतेस? तुझा पिक्चर. ज्याची तू गावाला गोष्ट सांगितलीस, तोच! आता तुला कळवल्याशिवाय मला चैन कसं पडणार?

पहिल्यापासून सांगतो. तू मध्येमध्ये बोलू नकोस.

आपल्या लग्नानंतरची पहिली दिवाळी तोंडावर आली होती. आपण धुळ्याला कापड घ्यायला गेलो होतो. निघताना वडिलांनी बजावलं होतं, मुक्कामी गाडीने घरी या. आपल्या गावाची ती शेवटची एसटी. रात्री मारुतीच्या देवळापुढे मुक्काम करायची आणि सकाळी परत सुटायची. ती चुकली तर पारोळ्याला उतरून अंधारात पायपीट. खरेदी लवकर उरकली आणि तू थिएटरवरच्या त्या भल्यामोठ्या रंगीत चित्रासमोर उभी राहिलीस. नव्या नवरीने हट्ट करायचा नसतो हे तुला कोणीतरी शिकवलं असणार. नुसती उभी राहिलीस. मग मी काय करणार? काढली तिकिटं.

काय पिक्चर होता! हिरो ट्रक ड्रायव्हर, घाटातल्या चहावाल्याच्या मुलीवर त्याचा जीव, आणि जंगलातलं लाकूड चोरून नेणारा तो मिशीवाला व्हिलन. मारामारी तर अशी की पुढच्या बाकांवरचे लोक उभे राहून हिरोला डावपेच सांगत होते. आणि गाणी! ट्रकच्या हॉर्नवर ठेका धरलेलं ते पहिलं गाणं लागलं तेव्हा तू पाय वाजवत होतीस. मी पाहिलं. तू आयुष्यभर नाही म्हणालीस, पण वाजवत होतीस!

मग तो दोराचा पूल आला. व्हिलनने कुऱ्हाडीने दोर तोडला, हिरो दरीत लोंबकळतोय, हिरोइन काठावर उभी, मागून बंदूक रोखलेली, आणि पडद्यावर अक्षरं आली, मध्यंतर.

"ऊठ," मी म्हटलं, "गाडी चुकी जाई."

"आहो, तो लटकी राहिना ना!" तू म्हणालीस.

"तो हिरो शे. तो काय पडस नही. ऊठ लवकर!"

गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, उशीर का झाला, तर तू डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, कापडाच्या दुकानात गर्दी होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई गोष्टी रचण्यात वस्ताद आहे!

वेचणी सुरू झाली. आपल्याकडची रीत, ज्या बाईने पिक्चर पाहिला तिने तो कापूस वेचताना सगळ्यांना सांगायचा. बाकीच्या आपापली पात धरून, कमरेच्या झोळीत कापूस टाकत ऐकणार. सांगण्याच्या नादात तिचा हात मंदावला तर शेजारणी तिच्या पातेतली चार झाडं वेचून देणार. गाणं आलं की सगळ्या मिळून म्हणणार. त्या रविवारी मी शेतात चहाची किटली घेऊन आलो, तर तुझा आवाज ऐकू आला. तू पुलाच्या पुढे गेली होतीस! कितीतरी पुढे!

तुझ्या पिक्चरात हिरोइनने लुगडं सोडून पुलाच्या खांबाला बांधलं आणि हिरोला वर ओढून काढलं. अगं, तिने चुडीदार घातला होता! मी स्वतः पाहिला होता. पण शेजारच्या पातेतली गोदाक्का पार रंगून गेली होती. ती म्हणाली, 'नऊवारी व्हई, म्हनीसन पुरनं.' मग तुझी हिरोइन ट्रकमध्ये चढली आणि तिने व्हिलनच्या वखारीचं फाटक उडवून दिलं. मी किटली हातात धरून तसाच उभा.

रात्री जेवताना विचारलं, तिला ट्रक चालवता कधी यायला लागला?

"बापनाकडे चहा पेवाले इतला डायवर येतस, दखी दखीसन शिकनी."

आणि हे सगळं तुला कोणी सांगितलं?

"रेडिओवर बठ्ठा गाणा लागतस ना? गाणा आयकीसन समजी जास पुढे काय व्हयनं ते."

मध्यंतरानंतरची गाणी रेडिओवर ऐकायची आणि त्यांच्या आधाराने गोष्ट उभी करायची! पण एका गाण्याने तुझी पंचाईत केली होती. ते दुःखी गाणं, दुपारी रेडिओवर लागायचं ते. गोदाक्काने एक दिवस विचारलंच, हे गाणं कुठे येतं पिक्चरात? तू जराही अडखळली नाहीस. कैरी तोडावी तसं उत्तर दिलंस, "बाप म्हनस. आंडेर सासरले जास तव्हय."

झालं! लेकीच्या पाठवणीचं गाणं ठरलं! त्याच वर्षी लग्नसराईत गोदाक्काच्या थोरलीच्या पाठवणीला पारोळ्याच्या बँडवाल्यांना ते गाणं वाजवायला लावलं. तेव्हापासून आपल्या गावात एकही मुलगी त्या गाण्याशिवाय गाडीत बसलेली नाही. बँड वाजवतो आणि मुलीचा बाप दोन कडवी म्हणतो. आपल्या वर्षाच्या वेळी मी म्हटलं. माझा सूर असा काही लागला की तू रडता रडता फिसकन हसलीस आणि जळगावचे व्याही एकमेकांकडे बघायला लागले.

नंतर कितीदा तरी मी म्हणालो, धुळ्याला पुन्हा लागला की तिथेच मुक्काम करू आणि शेवटपर्यंत बघू. तू ऐकलंस का? "मना पिक्चर पुरा व्हई गया," एवढंच म्हणायचीस. असा कसा गं तुझा पिक्चर पूर्ण झाला, मध्यंतरात उठून? मला बघायचा होता की! पण पुढे तो लागलाच नाही. मालकांची आपसात भांडणं झाली म्हणे, टीव्हीवरही कधी आला नाही. गाणी तेवढी जगाच्या तोंडी राहिली.

आणि महिन्यापूर्वी वर्षाचा फोन आला. बाबा, आईचा पिक्चर जळगावला लागतोय, नवा करून, स्वच्छ करून!

मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आपल्या गावात बातमी पोटात राहते का? दुसऱ्या दिवशी गोदाक्का दारात. पाठोपाठ निर्मला, पल्लवी आणि वेचणीची सगळी फौज. जीप ठरवून मोकळ्या! मी म्हटलं, ऊन फार आहे. म्हणाल्या, आत एसी असतो. मी म्हटलं, पिक्चर जुना आहे, आता काय त्यात. म्हणाल्या, सिंधूवयनीना शे. मी म्हटलं, लग्न तोंडावर आलंय. निर्मला म्हणाली, 'आबा, त्या गाण्यासाठीच तर बघायचाय!'

सिंधू, मला झोप येईना. तू असतीस तर निभावून नेलं असतंस. चारचौघींत हसली असतीस, नवीन काहीतरी रचलं असतंस. पण तू नाहीस. त्या बाया पिक्चर बघणार, पुलावर लुगडं नाही, ट्रक नाही, आणि मग म्हणणार, सिंधूवयनी इतकी वर्षं आपल्याला फसवत होती. मेलेल्या माणसाला खोटारडं ठरवायला काय लागतं? ते उलट उत्तर देत नाही. तुझ्या बाजूने बोलणारा मी एकटा. आणि मला तर नीट खोटंही बोलता येत नाही!

जळगावच्या त्या मॉलच्या दारात पहिलं भांडण झालं. गोदाक्काने भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. पहारेकरी आत सोडेना. तिने त्यालाच विचारलं, तू जेवलास का? शेवटी सगळ्यांनी गाडीपाशी बसून भरीत-भाकरी खाल्ली. पहारेकऱ्यानेसुद्धा! आत खुर्च्या अशा मऊ की गोदाक्काने आधी चपला काढून खाली ठेवल्या आणि मग मांडी घालून बसली.

मध्यंतरापर्यंत काय धमाल! हॉर्नचं गाणं लागलं तशा सगळ्याजणी टाळ्या वाजवत म्हणायला लागल्या. पुढची कॉलेजची पोरं मागे वळून बघत होती. मी मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. पूल तुटला, हिरो लोंबकळला, दिवे लागले. सवयीने मी उठून उभा राहिलो. थिएटरातच येऊन मिळालेल्या वर्षाने हात धरून खाली बसवलं.

पुढे काय झालं, सांगू का तुला? हिरोइनने काहीच केलं नाही. बेशुद्ध पडली! हिरो स्वतःच वर चढला. मग तिला व्हिलनने पळवलं, मग मारामारी, मग पुन्हा मारामारी. आणि शेवटी हिरोला लागणारी गोळी तिने स्वतःच्या अंगावर घेतली. हिरो तिला उचलून अख्खा घाट उतरतो आणि तेव्हा ते गाणं लागतं. आपलं पाठवणीचं गाणं, सिंधू! ती मेलेली आहे आणि तो गातोय.

तुझी फजिती झाली म्हणून आधी मी घाबरलो. बाजूला बसलेल्या बायांकडे बघायची हिंमत होईना. मग पडद्याकडेही बघवेना. खोटं कशाला बोलू, त्या हिरोइनचं मला काही वाटलं नाही. मला धुळ्याच्या दवाखान्यातली तुझी खाट दिसायला लागली. मी खाली मान घालून चष्मा पुसत बसलो.

परतीच्या रस्त्यात एरंडोल गेलं तरी जीपमध्ये कोणी बोलेना. जाताना कान किटवणाऱ्या बाया, आणि आता सगळ्या गप्प. शेवटी निर्मलाने तोंड उघडलं.

"आबा, वयनीनी पुरा पिक्चर दखा व्हता ना?"

मी खाकरलो. म्हटलं, "व्हय, पुरा. मी बाजूलेच बशेल व्हतू. तव्हयना पिक्चर येगळा व्हता. नंतर बदली टाका त्यासनी."

आणि गोदाक्का हसायला लागली! तुला माहीत आहे ती कशी हसते, खांदे हलवत, आवाज न करता.

"बस करा, आबा. तुमले जमस नही," ती म्हणाली. "मुक्कामी गाडीवर उनेल बाई पुरा पिक्चर कशी दखी? इंटरवलना पुढला पिक्चर आपला गावमा तव्हय कोन्ही तरी दखेल व्हता का? मी स्वता चार पिक्चर दख्यात. चारीना शेवट माले माहीत नही!"

सगळ्या हसत होत्या. मला डिवचून विचारणारी निर्मलासुद्धा! सगळ्यांना ठाऊक होतं, सिंधू. पहिल्या दिवसापासून! तू लुगडं सोडून खांबाला बांधलंस तेव्हाच. मी इतकी वर्षं तुझं गुपित जिवापाड जपत होतो आणि ते गुपित नव्हतंच!

"मंग बोलन्यात का नही कधी?" मी विचारलं. मला जरा रागच आला होता.

"कसाले बोलसूत? पिक्चरमा बाई मरी जास, हाई आमले दखाना आधीच ठाऊक व्हतं. सिंधू तिले जित्ती घर लई ये. ते आयकाले गोड लागे."

मग गप्प का होतात सगळ्या? गोदाक्काने पदराने तोंड पुसलं आणि बाहेर बघत म्हणाली, "तुमनं तोंड दखीसन."

पिक्चर बघायला आलेल्या बाया शेवटी पिक्चर सोडून माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

पण एक अडचण उरलीच होती. निर्मलाला घोर लागला, मयताचं गाणं पोरीच्या पाठवणीला कसं वाजवायचं? कुणी म्हणाली, नको गं बाई, अपशकुन. कुणी म्हणाली, मग आपल्या सगळ्या पोरी त्याच गाण्यावर गेल्या, त्यांचं काय वाईट झालं? गोदाक्काची थोरली तर आता नातवंडं खेळवते. वाद पारोळ्याच्या वेशीपर्यंत चालला. पल्लवी मागे बसून ऐकत होती. ती शिरपूरला शिकलेली, शहरी बोलते. म्हणाली, "आई, मी लहानपणापासून प्रत्येक लग्नात हे गाणं ऐकत आलेय आणि वाट बघत आलेय की माझ्या वेळी कधी वाजेल. मला हेच हवं. आबा म्हणणार असतील तरच."

तिचा बाप नाही. निर्मलाने ते गाणं म्हणायला आधीच मला सांगून ठेवलं होतं. पिक्चर बघायच्या आधी मी हो म्हणूनही बसलो होतो. आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा लवकर घे.

घरी येऊन म्हणून पाहिलं. पहिलं कडवं निघालं, दुसऱ्यात अडकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. डोळ्यांपुढे तो घाट उतरणारा हिरो, आणि मग ते दुसरंच काहीतरी. निर्मलाला सांगितलं, दुसरं कोणी बघ, माझ्याने होणार नाही. ती म्हणाली, बरं. पण तिने दुसरं कोणी बघितलंच नाही! बायकांचं हे असं असतं बघ, तुझ्याच तालमीतल्या सगळ्या.

काल संध्याकाळी ऊन उतरलं तशी पाठवणी निघाली. फुलं लावलेली गाडी उभी, निर्मला पोरीच्या गळ्यात पडलेली, आणि बँडवाल्याने माझ्याकडे न बघताच ते गाणं सुरू केलं. पल्लवी गाडीच्या दारापाशी थांबली. आत बसेना. माझ्याकडे बघत उभी राहिली.

म्हटलं, सिंधू. म्हणायला सुरुवात केली. बेसूर, नेहमीसारखंच. दुसऱ्या कडव्यात व्हायचं तेच झालं, आवाज फुटला आणि थांबलो. मग बाजूने गोदाक्काने उचललं, तिच्या मागून वेचणीच्या साऱ्या बायांनी. भर रस्त्यात सगळ्या एका सुरात गात होत्या. मी पुन्हा त्यांच्यात शिरलो. आणि गाता गाता माझ्या लक्षात आलं की मी पल्लवीला काही म्हणतच नाहीये. तुला नेलं त्या दिवशी मी एक शब्द बोललो नव्हतो. लोक सांगतील तसं करत गेलो, इकडे उभे राहा म्हणाले तर उभा राहिलो, चला म्हणाले तर चाललो. तुला नीट निरोपसुद्धा दिला नाही गं! तो काल दिला. मुलीच्या पाठवणीत, बँडच्या साथीने, गावभर ऐकू जाईल असा. मी रडत होतो आणि लोकांना वाटलं, आबांनी पोरीला किती जीव लावला होता.

त्या गाण्याची शेवटची ओळ तुला पाठ आहे. जाणाऱ्याला सांगतात, आता जातेच आहेस तर मागे वळून पाहू नकोस. आजवर प्रत्येक बापाने ती म्हटली, वर्षाच्या वेळी मीही म्हटली. काल तिथवर आलो आणि तोंड मिटलं. बाया थांबल्या, बँडवाला दोनदा ती चाल वाजवून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवून नाही म्हटलं. पल्लवी गाडीत बसली आणि वळणापर्यंत खिडकीतून मागे बघत राहिली.

तू पिक्चरचा अख्खा शेवट बदललास, तर मी एक ओळ गाळली तर काय बिघडलं?

तुला वचन देतो. यापुढे गावातली कुणाचीही मुलगी निघू दे आणि मला गायला बोलावू दे, ती ओळ मी म्हणणार नाही. तू वळून पाहा, सिंधू. रोज पाहा. मी इथेच आहे.

तुझा,
भास्कर